कोलकासची कुटी की वेळासचं घर? घरच्यांसोबत चार दिवस काढायचे तर

माझ्या नणंदेकडची सात माणसं यंदा कुठेतरी ‘साध्या’ जागी राहायला जाणार आहेत. साध्या म्हणजे टीव्ही नको, पोहण्याचा तलाव नको, सकाळचा बुफे नको. तिनं माझ्यासमोर दोन नावं ठेवली: मेळघाटातलं कोलकास आणि मंडणगड तालुक्यातलं वेळास. आम्ही दोन्हीकडे राहून आलोय आणि दोन्हीकडच्या गोष्टी आमच्या घरात अजून पोळ्या लाटताना निघतात. तासभर फोनवर बोलूनही तिचं काही ठरेना, म्हणून शेवटी लिहूनच काढतेय. अशाच घोळात असलेल्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

लोणावळा-मुळशीकडे हल्ली तिकोनी छपराच्या लाकडी ‘कॅबिन’ भाड्यानं मिळतात, त्या या तुलनेत मी धरलेल्या नाहीत. एकदा राहिलो होतो. आत एसी, बाहेर गरम पाण्याचा टब आणि शेजारच्या तिकोनी छपराखाली रात्री दोनपर्यंत कुणाचातरी वाढदिवस. त्या मुक्कामातलं काय आठवतं असं मुलांना विचारलं, तर वायफायचा पासवर्ड सांगतात.

कोलकास अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सेमाडोहच्या पुढे आहे. सिपना नदीच्या वळणावर उंचवट्यावर वनखात्याचं विश्रामगृह आणि राहण्याच्या खोल्या. खाली नदी, पलीकडे सागाचं रान. कोरकू भाषेत सागाला सिपना म्हणतात, तेच नदीचं नाव. १९७३-७४ साली देशात व्याघ्र प्रकल्पाची पहिली नऊ अभयारण्यं ठरली, त्यात मेळघाट होतं. कोलकासला जागा मिळाली नाही तर सेमाडोहचं पर्यटन संकुल आहे. तिथे खोल्याही जास्त आणि माणसंही जास्त. आमच्या मते शक्य असेल तर कोलकासच.

वेळास कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात बाणकोटच्या खाडीजवळ, नाना फडणवीसांचं मूळ गाव. तिथे तुम्ही लॉजवर उतरत नाही, कुणाच्या तरी घरी उतरता. अंगण, पडवी, माजघर, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि विहीर. ही सोय गावात आली ती कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासविणी इथल्या वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसं नाहीतर कोल्हे-कुत्रे उकरून न्यायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. बघायला येणाऱ्यांना राहायला जागा हवी, म्हणून गावानं आपली माजघरं उघडली.

तर एकीकडे सरकारी कुटी, दुसरीकडे दुसऱ्याचं नांदतं घर. वरवर दोन्ही ‘साधी’. पण चार दिवसांत घरच्या माणसांचं जे होतं ते दोन्हीकडे अगदी निराळं, आणि निवड करायची ती त्यावरूनच असं माझं मत झालंय.

पोचणं

पुण्या-मुंबईकडच्यांना वेळास सोपं. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचतो. रायगडकडून येणाऱ्यांनी बागमांडल्याहून गाडी फेरीबोटीवर चढवून खाडी ओलांडली, तर मुलांची अर्धी सहल तिथेच वसूल होते. कोलकाससाठी आधी रात्रभर रेल्वेनं अमरावती किंवा बडनेरा, मग परतवाडा, मग घाट. जाऊन-येऊन दोन दिवस प्रवासातच धरा. नागपूर-अकोल्याकडच्यांनी हा परिच्छेद उलटा वाचावा.

परतवाडा सोडण्याआधी गाडीत तेल भरा, टॉर्चचे सेल घ्या, एटीएमचं काम उरका आणि घरी फोन करून ‘आता दोन दिवस लागणार नाही’ असं सांगून टाका. आम्ही हे न सांगता गेलो. माझ्या आईनं अमरावतीच्या तीन नातेवाइकांना कामाला लावलं होतं.

रात्र

कोलकासला आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि तीन मुलं. अंधार पडल्यावर आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे पहिल्याच संध्याकाळी गार्डनं बजावलं. सात वाजता जेवणं झाली. साडेसातला काय करायचं ते कुणालाच सुचेना. घरी असतो तर एव्हाना प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात पडद्यासमोर असता. इथे एक व्हरांडा, आठ-दहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि डोक्यावरच्या दिव्याभोवती किड्यांचं मोहोळ. ते ताटात पडायला लागले तसा दीरांनी दिवा मालवला.

अंधारात बसल्यावर पाच-सात मिनिटांनी आबा बोलायला लागले. माझे सासरे घरात दिवसाला वीस वाक्यं बोलत असतील, त्यातली दहा बातम्यांविषयी. त्या रात्री त्यांनी १९७२ चा दुष्काळ सांगितला. जामखेडकडचं गाव, आटलेली विहीर, दावणीची जनावरं सोडून द्यावी लागली ते. दहावीच्या वयात सडकेच्या कामावर खडी फोडायला गेले, आणि कामावर सुकडी वाटायचे ती बहिणींसाठी टोपीत घालून घरी न्यायचे. लग्नाला बारा वर्षं झाली होती माझ्या, मला यातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं, ते जास्त नवल. मधेच नदीपलीकडून सांबर ओरडलं, एकदा, दोनदा, खणखणीत. आबा थांबले. गार्ड हळूच म्हणाला, “कॉल आहे, धोक्याचा इशारा. काहीतरी चाललंय पाण्यावर.” सगळे श्वास रोखून बसले. काही दिसलं नाही. मग धाकटीनं विचारलं, “आबा, मग टोपीतली सुकडी सांडली नाही का?” आणि गोष्ट पुढे सुरू झाली.

दुसऱ्या रात्री भांडण झालं. गावाकडच्या जागेवरून नवरा आणि दीर, चार वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. घरी असते तर दोघांपैकी एक जण चप्पल घालून नाक्यावर निघून गेला असता. इथे जाणार कुठे? बाहेर अस्वल. दोघं पायऱ्यांच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसले, आणि आम्ही जावा आत मुलांना थोपटत कान देऊन. अकराच्या सुमाराला जागेचं बोलणं संपून विहिरीत पडलेल्या कुठल्याशा सायकलचं सुरू झालं, तेव्हा आम्ही झोपलो. जागेचा प्रश्न काही तिथे सुटला नाही, पण सायकलीचा सुटला: ती दीरांनीच ढकलली होती.

वेळासची रात्र अशी नव्हती. आम्ही मार्चमध्ये गेलो होतो. माजघरात ओळीनं गाद्या, वर दोन पंखे, उकाडा, डास आणि नऊ माणसांत तीन घोरणारी. पण झोपेपर्यंत आम्ही एकत्र होतोच कुठे! पुरुष मंडळी यजमानांबरोबर पडवीत, आंब्याचा मोहोर आणि माकडांचा उपद्रव या विषयांवर. मुलं त्या घरच्या मुलांबरोबर वाडीत बॅटरी घेऊन काजवे शोधत होती. मार्चात कुठले काजवे, पण शोधत होती. आणि सासूबाई स्वयंपाकघरात.

सासूबाई आणि स्वयंपाकघर

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण वेळासच्या बाजूनं माझ्याकडे हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

सासूबाई सहलीला आल्या की त्यांचे हाल होतात. आयतं बसून राहायची सवय नाही, हॉटेलचं जेवण पचत नाही, आणि “तुम्ही बसा हो आई” असं दिवसातून चाळीसदा ऐकून त्या चिडतात. कोलकासला त्यांनी दोन दिवस आकाशाकडे बघत काढले. खानसाम्याच्या वरणात हिंग नाही, हे मात्र चार वेळा म्हणाल्या. (नव्हतंच.)

वेळासला पोचल्यावर अर्ध्या तासात त्या घरच्या काकूंशेजारी पाटावर बसून कुयरी चिरत होत्या. कुयरी म्हणजे कोवळा फणस. हाताला तेल लावून चिरायचा, नाहीतर चीक चिकटतो. आमच्याकडे देशावर ही भाजी होत नाही. काकूंनी त्यांना ती शिकवली, बदल्यात सासूबाईंनी शेंगदाण्याच्या म्हाद्याची कृती दिली. कुळथाच्या पिठल्यात कोकम कधी घालायचं यावर दोघींचा मतभेद झाला आणि दोघींनी तो मनापासून उपभोगला. घावन घालताना पहिलं नेहमी बिघडतं, ते कुणी खायचं याचा त्या घरचा नियम होता: पाहुण्यानं नाही, सर्वांत लहानानं. माझी धाकटी तीन दिवस चुलीशी वाट बघत बसायची.

परत आल्यावर महिनाभर सासूबाई फोनवर काकूंशी बोलत होत्या. मला लग्नानंतर त्यांनी जेवढ्या पाककृती सांगितल्या नसतील तेवढ्या त्या चुलीपाशी बसून मी ऐकल्या. तिसऱ्या दिवशी एका पातेल्यात आम्ही दोघींनी मिळून सोलकढीसाठी नारळ पिळला, एकही सूचना न देता-घेता.

जेवणापुरतं बोलायचं तर वेळास पुढे आहे, वादच नाही. फक्त आम्ही राहिलो ते घर शाकाहारी होतं आणि गावात बहुतेक ठिकाणी तसंच दिसलं. समुद्राकाठी जाऊन मासे नाहीत म्हणून ज्यांचा पारा चढतो त्यांनी आधी विचारून घ्यावं. कोलकासला वरण, भात, पोळी, बटाटा. चटण्या, लाडू, मुलांचा खाऊ घरून न्या. परतताना वाकडी वाट करून चिखलदऱ्याला जा आणि रबडी खा. कीचकाला भीमानं तिथल्याच दरीत फेकलं अशी कथा आहे, ती मुलांना रबडीनंतर सांगा, आधी सांगितली तर रबडी उरते.

दिसेल का?

हा प्रश्न दोन्हीकडे पहिला येतो आणि दोन्हीकडे उत्तर एकच: बहुधा नाही.

मेळघाट डोंगराळ आणि दाट. ताडोबासारखा वाघ रस्त्यावर येऊन उभा राहत नाही. आम्हाला गवे दिसले, एका अस्वलाची पाठ दिसली, आणि वाघाचे पंजे मातीत. कोरकूत वाघाला ‘कुला’ म्हणतात, हे मुलांनी गार्डकडून शिकून घेतलं आणि पुढचे दोन दिवस प्रत्येक झुडपात कुला होता. पक्ष्यांचं वेड असेल तर मात्र इथे रानपिंगळा आहे. १८८४ नंतर हा छोटा पिंगळा कुणाला सापडलाच नाही, नाहीसा झाला असंच धरलं होतं, आणि १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे मेळघाटातही चांगल्या संख्येनं आढळला. दिवसा वावरतो, त्यामुळे मुलांना दाखवता येतो. आम्हाला सागाच्या वाळक्या फांदीवर एक दिसला, वाटाड्यानं बोट दाखवल्यावरही मला दोन मिनिटं लागली.

वेळासला सकाळी आणि संध्याकाळी, ठरल्या वेळी, कासवमित्र राखलेल्या घरट्यावरची टोपली उचलतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं यायला साधारण दीड-पावणेदोन महिने लागतात. त्या दिवशी वाळूतून पिल्लं वर आली असतील तर टोपलीखाली दिसतात, नाहीतर नुसती वाळू. आमची पहिली संध्याकाळ नुसती वाळू. दुसरी सकाळ नुसती वाळू. दोरीमागे उभे असलेले मुंबईचे एक गृहस्थ पैसे परत मागण्याच्या बेतात होते, कुणाकडे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी अकरा निघाली. तळहातावर मावतील एवढी, काळपट. वल्ह्यांसारखे पाय मारत पाण्याकडे. एक लाटेनं उलटं पडलं, सगळा किनारा “अरे अरे” म्हणाला. आबांनी टोपी काढली. का काढली ते त्यांनी सांगितलं नाही.

लहान मुलांसाठी वेळास सरस, हे कबूल करते. अकरा पिल्लं डोळ्यांनी दिसतात. पंजाचा ठसा बघून थरारून जायला वय लागतं, आमच्या घरात ते साधारण दहाच्या पुढे येतं.

गुडघे, संडास वगैरे

फोनवर नणंदेनं हे शेवटी आणि अगदी हळू आवाजात विचारलं, पण निम्म्या सहली यावरच ठरतात. कोलकासला झोपायला खाट आणि संडास खोलीला लागून. वेळासला आमच्या घरी झोपणं जमिनीवर आणि संडास मागच्या दारी, परसात. रात्री आबांना तीनदा उठावं लागतं, तेव्हा नवरा दाराशीच झोपला. प्रत्येक घरी सोय वेगळी आहे, काहींनी कमोड बसवलेत. ठरवताना लाज न बाळगता विचारा: कमोड आहे का, खाट मिळेल का, पायऱ्या किती. दवाखाना दोन्हीकडे लांब आणि मधे वळणं. हृदयाचं किंवा दम्याचं दुखणं असेल तर औषधं दुप्पट न्या, आणि मेळघाटाचा विचार जरा जास्त वेळ करा.

खर्चात फार फरक पडला नाही. वेळासला माणशी दर असतो आणि त्यात जेवण येतं. कोलकासला खोलीचं भाडं वेगळं, जेवण वेगळं, सफारी वेगळी. आमचा जास्तीचा पैसा प्रवासात गेला.

एक खटकलेली गोष्ट

कोलकासची शांतता ही आयती मिळालेली नाही. मेळघाटाच्या गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावं २००० नंतरच्या काही वर्षांत बाहेर हलवली गेली, मागून आणखी हलली. आपण जिथे “काय शांत आहे!” म्हणतो तिथल्या शांततेत कुणाचं तरी उठलेलं अंगण आहे. वेळासला उलट: तिथलं रक्षण गावानं गावात राहून केलं, आणि तुमच्या मुक्कामाचा पैसा समोर वाढणाऱ्या काकूंच्याच हातात जातो. जंगल वाचायला माणसं हलवावी लागतात की नाही, यावर आमच्या गाडीत परतवाड्यापर्यंत वाद चालला आणि मिटला नाही. पण मोठ्या मुलाला घेऊन जाणार असाल तर हा वाद गाडीत होऊ द्या.

मग कुणी कुठे जावं

नणंदबाई, तुझ्या सासूबाई कामात रमतात, नातू चार वर्षांचा आहे आणि तुझे दीर एका जागी दहा मिनिटं बसत नाहीत. तू वेळासला जा. तिथे घरातली माणसं पांगतात, प्रत्येकाला आपला कोपरा आणि आपलं माणूस मिळतं, जेवायला पंगतीत भेटतात आणि खुशीत असतात. सात माणसांचं चार दिवस एकमेकांशी न भांडता निभतं ते दुसऱ्याच्या घरात असल्यामुळे. काकूंसमोर कोण आवाज चढवणार?

ज्यांच्या घरात माणसं एका छपराखाली राहून महिनोन्‌महिने बोललेली नाहीत, मुलं दहा-बारा वर्षांपुढची आहेत आणि म्हातारी माणसं अजून घाट सोसू शकतात, त्यांनी कोलकास. तिथे मधे कुणी यजमान नाही, करमणूक नाही, निघून जायला नाका नाही. दोन रात्री पुरेत. तिसऱ्या रात्री आमच्याकडे पत्ते निघाले आणि जावेनं मला तीन डाव फसवून हरवलं.

वेळेचं गणित मात्र आधी बघा. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात आणि दरवर्षी थोडं मागेपुढे होतं, म्हणून तारखा ठरवण्याआधी गावात फोन करा. शनिवार-रविवार टाळा, त्या दोन दिवशी किनाऱ्यावर पिल्लांपेक्षा टोप्या जास्त. मेळघाटात पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उत्तम, पण रात्री गारठतात, मफलर-कानटोपी न्याच. एप्रिल-मेमध्ये ऊन जाळतं आणि जनावरं पाण्यावर येतात. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून प्राणी मोजायला लोक तेव्हाच जातात. आबांना एकदा ते करायचंय. त्यांचे गुडघे मचाणाची शिडी चढतील का, हे बघायला परवा दीर त्यांना गच्चीवरच्या टाकीच्या शिडीपाशी घेऊन गेले होते. चार पायऱ्या चढले.